बेट तरंगतं तेव्हा

गेर्दानं नवऱ्याला बघितलं त्याच्या आधी ऐकलं होतं.

एकोणीस वर्षांची होती तेव्हा. फेब्रुवारीतली सकाळ, गोठ्यातून दुधाची बादली घेऊन ती बाहेर आली, तर समोर विनिपेग सरोवर क्षितिजापर्यंत गोठून पांढरंशुभ्र पडलेलं. आणि त्या पांढऱ्यातून कुणीतरी गात होतं. माणूस दिसत नव्हता, घोडा दिसत नव्हता. मिक्ली बेट तीन मैलांवर, त्याची नुसती निळी रेघ. पण आवाज असा, जणू गोठ्याच्या भिंतीआड उभा राहून गातोय:

चाल गं चाल घोडे, दिवा दिसला गं पार,
घरात नाही कोणी, तरी उघडं ठेवलंय दार.

शब्द न् शब्द आला. मधेच त्यानं नाक ओढलं, तेही आलं. बादलीतल्या दुधावर बर्फाची साय धरली तरी गेर्दा तिथंच उभी. आईनं आतून हाक मारली, "दूध आणतेस की चंद्रावर गेलीस?"

पुढं वसंतात हनाउसा गावच्या सभागृहात नाच होता. शेगडीपाशी एक उंच, मोठ्या कानांचा मुलगा एकटाच उभा होता. तो कुणाशी तरी दोन शब्द बोलला आणि गेर्दानं ओळखलं. जवळ जाऊन तिनं ते कडवं त्याला म्हणून दाखवलं. मुलाचे कान लालबुंद झाले.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तळ्यानं," ती म्हणाली.

त्याच शरदात तिनं आस्मुंदशी लग्न केलं.

*

त्याला पस्तीस वर्षं झाली. मुलगा गिस्ली शहरात पावाच्या कारखान्यात लागला, आणि गेले चार हिवाळे गेर्दा स्वतः नवऱ्याबरोबर बर्फावर मासेमारीला येत होती. स्लेजवर बसवलेली लाकडी खोली, आत शेगडी, फळ्यांचे दोन बिछाने. डिसेंबर ते मार्च तेच घर. घोडी मोल्डा, मातकट रंगाची, खोलीच्या आडोशाला.

बर्फाखाली जाळं लावायचं म्हणजे असं: एक भोक पाडायचं, त्यातून सहा फुटी फळी खाली सोडायची. फळी बर्फाच्या पोटाला चिकटून तरंगते. तिला लोखंडी हात असतो. दोरी ओढली की तो हात बर्फाला रेटा देतो, फळी पुढं सरकते आणि टक् वाजते. ओढ, टक्. सोड. ओढ, टक्. एकानं भोकाशी बसून दोरी ओढायची, दुसऱ्यानं वरून त्या आवाजामागं चालायचं. पन्नास वाव झाले की शेवटचं टक् जिथं वाजलं तिथं पहारीनं दुसरं भोक पाडायचं आणि दोरी वर घ्यायची. मग त्या दोरीनं जाळं इकडून तिकडं. म्हटलं तर सोपं. पण फळी सरळ जाईलच असं नाही. वर हातभर बर्फाचा भुसा, त्यात वारा, आणि खाली अंधारात ती लबाड फळी वाट सोडून कुठंही जायची.

आस्मुंदला ती सापडायचीच. वादळातसुद्धा. दुसऱ्यांच्या तळावर फळी हरवली की माणूस धावत यायचा, "कानाला बोलवा." आस्मुंद जायचा, पोटावर पडायचा, कान बर्फाला लावायचा. "अजून एकदा ओढा." मग उठून चार पावलं टाकायचा आणि टाचेनं खूण करायचा. तिथंच असायची.

गेल्या हिवाळ्यात त्याची खूण हातभर चुकली. यंदा दहा पावलं चुकली. आधी तो म्हणाला, फळी फुगलीय. मग म्हणाला, बर्फ भुसभुशीत आहे. मग म्हणाला, "तू दोरी ओढतेस की कणीक मळतेस?" तीन फूट जाडीच्या बर्फात त्यानं त्या दिवशी तीन भोकं पाडली, तिन्ही फुकट गेली. संध्याकाळी त्याला डाव्या हातानं चमचा धरावा लागला, उजवा खांद्यातून उचलेना.

गेर्दाला फळी ऐकू येत होती. भोकाशी गुडघे टेकून बसली की ते टक् तिच्या हाडांतून वर यायचं. फळी उजवीकडं चाललेली, आणि आस्मुंद मान कलती करून डावीकडं निघालेला.

"उजवीकडं!" ती ओरडली.

तो वळला नाही. पाऊल अडखळलं नाही, खांदा हलला नाही. वारा नव्हता, अंतर चाळीस पावलांचं. तेव्हा तिला समजलं.

दुसऱ्या दिवशी दोरी ओढताना जिकडं फळी, तिकडं तिनं तोंड केलं, आख्खं अंग केलं. दोरी किती गेली हे विचारायला आस्मुंद मागं वळला, तिच्याकडं क्षणभर बघत राहिला आणि मग तिचं तोंड होतं त्या दिशेनं चालू लागला.

"हां. इथं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. इथंच.

तेव्हापासून असंच चाललं होतं. तो वळून बघायचा, ती तोंड करायची. रात्री गेर्दाची मान आखडायची. तो गरम केलेला मोजा आणून तिच्या मानेखाली ठेवायचा आणि का आखडली ते विचारायचा नाही.

*

जानेवारीच्या वादळानं बर्फ फोडलं आणि दोन्ही तळांची निम्मी जाळी नेली. दुसरा तळ स्काफ्तीचा, दीड मैलावर. चाळिशीचा माणूस, हाताखाली चार गडी. एका दुपारी तो आला. दारात बूट आपटून आपटून बर्फ झाडू लागला.

"आत ये की रे. माझी जमीन काय तुझ्या बुटांना घाबरते?"

"गेर्दा, तुझ्या जमिनीवर बूट ठेवायचा तर मला एक पाय बाहेर ठेवावा लागेल."

तरी तो मावला. दातांत साखरेचा खडा धरून त्यानं कॉफी ओढली, लोणी लावलेला सुका मासा चघळला, आणि मुद्द्यावर आला.

"पाद्र्याच्या खडकाशी मासा आहे. चिक्कार आहे. पण मधे तो कडा." दोन बाजूंचं बर्फ एकमेकांवर चढून जिथं भिंत उभी राहते, तो कडा. "त्याच्या पलीकडचं बर्फ खोटं. कुठं तीन फूट, कुठं तीन बोटं, आणि वरून सगळं सारखंच पांढरं. आम्ही पाच माणसं, चार घोडे. पुढं चालणारा हवा. माझा बाप म्हणायचा, आस्मुंदनं पहार मारली की बर्फ त्याला आपलं वय सांगतं. सगळ्यांनी मिळून जाऊ. तुम्ही पुढं, आम्ही मागं."

स्काफ्ती समोरच बसला होता, उजेडात. आस्मुंद त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. मग तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

"सोमवारी निघू," तो म्हणाला.

गेर्दा कॉफी ओतत होती. कप भरला, बशी भरली, टेबल भिजलं.

"बाई, तळं आधीच भरलेलं आहे," स्काफ्ती म्हणाला.

तो गेल्यावर ती शेगडीकडं तोंड करून उभी राहिली. मागं आस्मुंद जाळं विणत बसलेला. लाकडी सुईची सळसळ चालली होती.

"तू जाऊ नकोस," ती शेगडीला म्हणाली. नेहमीच्या आवाजात, पातेलं मागावं तशी.

सळसळ चालूच राहिली.

*

शनिवारची सकाळ उजाडली तीच काचेची. वाऱ्याचं नाव नाही. खोलीच्या धुराड्यातून धूर निघाला तो सरळ दोरीसारखा वर. सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य. आणि पूर्वेला ब्लॅक बेट बर्फावरून उचलल्यासारखं हवेत तरंगत होतं, खाली उजेडाची एक पट्टी, वर झाडं.

बेट तरंगलं म्हणजे काय, ते त्या किनाऱ्यावर पाळण्यातल्या पोरालाही माहीत. त्या दिवशी आवाज जमिनीसरशी धावतो, पार पोचतो. गेर्दाच्या माहेरी बेट तरंगलं की भांडणं घरात व्हायची. कुत्र्यावर चिडायचं तर त्यालाही आत नेऊन चिडायचं. कुणाच्या सुनेबद्दल बोलायचं असलं तर आई खिडकीचा पडदासुद्धा ओढायची.

गेर्दानं बेट बघितलं. बघून तिला नुसतं बरं वाटलं. थकलेल्या माणसाला कधी कधी सुंदर गोष्ट नुसती सुंदरच दिसते, तिच्या पोटात काय आहे ते आठवत नाही.

आस्मुंद चारशे पावलांवर जुनं भोक मोकळं करत होता. ती मोल्डाच्या मिशांवरचं बर्फ बोटांनी मोडत होती. घोडीनं नाक तिच्या काखेत घातलं, उबदार वाफ कोटात शिरली, आणि गेर्दाचा बांध फुटला.

"त्याला ऐकू येत नाही गं, मोल्डा," ती म्हणाली. अगदी हळू. "काही काही ऐकू येत नाही. मी तोंड करते तिकडं तो जातो. सोमवारी पाच माणसं त्या कानामागं चालत निघतील, आणि कान रिकामा आहे. बोलले तर तो मरतो, नाही बोलले तर ते मरतात. काय करू, सांग तूच."

मोल्डानं कान हलवला.

तेवढ्यात काहीतरी थांबलं. काय थांबलं ते आधी कळेना. मग कळलं, स्काफ्तीच्या तळावरच्या पहारी. सकाळपासून ठकठक चालली होती, इतकी सवयीची की ती चालू आहे हे थांबल्यावरच समजलं. दीड मैलावरून कुणीतरी खोकलं. मोल्डाच्या शेपटीमागं उभं राहून खोकावं तसं.

"स्काफ्ती, ऐकलंस?" हा म्हाताऱ्या लूद्विकचा आवाज, स्काफ्तीच्या गड्याचा.

"हळू. बाईलाही ऐकू येतंय."

गेर्दा आयाळीवर हात ठेवून उभी राहिली. हात काढायचासुद्धा धीर होईना, आयाळीतून हात निघाल्याचा आवाज तिकडं जाईल असं वाटलं. सगळं सरोवर गप्प. उत्तर-दक्षिण शंभर मैल गप्प. एकट्या आस्मुंदची पहार चालली होती, ठक्, ठक्, ठक्, आपल्याच लयीत, निवांत.

*

रविवारी दुपारी लूद्विक आला. बरोबर मनुकांचा थरांचा केक, फडक्यात बांधलेला. साठी उलटलेला, दात नसलेला, एरवी पुटपुटत बोलणारा माणूस. आज दारातूनच गरजला.

"आ-स्मुं-द! सो-म-वा-र! ना-ही!" दोन्ही हात हलवून नाही. मग घोडा करून दाखवला. मग एक पाय उचलून लंगडून दाखवला. "घो-डा! पा-य!"

आस्मुंद त्याच्याकडं बघत राहिला. "कुठला घोडा?"

लूद्विकला या प्रश्नाचं उत्तर ठरवून दिलेलं नव्हतं. "का-ळा!" तो म्हणाला.

"काळा गेल्या वर्षी विकला ना तुम्ही?"

लूद्विक केकवर बोट ठेवून म्हणाला, "खा-ऊन घ्या," आणि गेर्दाची नजर चुकवत निघाला. दारातून मागं वळून तिला पुटपुटला, "आम्ही कुणी कुणाला बोलणार नाही गं बाई." हे मात्र त्याच्या नेहमीच्या आवाजात.

दार लागलं. आस्मुंदनं केकची सुरी हातात घेतली आणि तशीच धरून बसला.

"हा मला आज खुळा समजत होता की लहान पोर?"

गेर्दा केकचं फडकं सोडू लागली.

"खडक त्यांना एकट्यांनाच हवाय. म्हणून लंगडा घोडा. स्काफ्तीच्या बापाला मी दोनदा पाण्यातून ओढून काढलंय, आणि हा पोरगा मला केक पाठवतो." त्यानं सुरी खाली ठेवली. "आपण जाऊ. तू, मी आणि मोल्डा. उद्या."

आता बोल, गेर्दानं स्वतःला सांगितलं. तोंड उघडलं. समोर त्याचे ते मोठे कान, थंडीनं कडा सोललेले. ज्यांना सांगायचं नव्हतं त्यांना सगळ्यांना सांगून झालं होतं, एकटा हाच राहिला होता. आणि याला सांगायचं तर हेही सांगावं लागणार, की ते चावडीवर गेलं आणि नेलं कुणी.

तिनं केक कापला.

*

सोमवारी बेट पुन्हा तरंगलेलं. त्यांनी पहाटेच्या करड्यात निघून कडा गाठला, सखल जागा बघून मोल्डाला उतरवलं. पलीकडं सगळं दूधच दूध. आकाश कुठं संपतं आणि बर्फ कुठं सुरू होतं ते दिसेना. आस्मुंद तीस पावलं पुढं, हातात पहार. गेर्दा मोल्डाचा लगाम धरून मागं.

तो पहार मारायचा, मान कलती करायचा, थांबायचा, मग पाऊल टाकायचा. ऐकण्याची सगळी रीत तशीच होती. चौथ्या पिढीचा पुजारी रिकाम्या देवळात आरती करतो तशी, एकही हात न चुकता.

गेर्दाला पहारीचा आवाज येत होता. खणखणीत. खणखणीत. मग जरा जाड. मग ओल्या लाकडावर मारल्यासारखा.

आणि मग बर्फ बोललं. दूर उत्तरेकडून, दोन मैलांवरून असेल, ताणलेली तार तुटावी तशी एक बारीक शीळ निघाली. ती धावत आली, जवळ आली, अंगावर आली, त्यांच्या मागून कड्याच्या बाजूनं गेली आणि वळून पुढं गेली. मोल्डाचे दोन्ही कान ताठ झाले. ती जागच्या जागी खिळली.

आस्मुंदनं पाऊल टाकलं.

"आस्मुंद! थांब!"

ती हाक पाद्र्याच्या खडकावर आपटून परत आली. स्काफ्तीच्या तळावर गेली, तिथला कुत्रा भुंकला. त्याच्याही पलीकडं, किनाऱ्यावर कुणाचा तरी कुत्रा भुंकला. सगळ्या सरोवरानं ती हाक ऐकली, फक्त तीस पावलांवरच्या त्या पाठीनं नाही ऐकली.

तिनं लगाम सोडला. धावली. पडली, गुडघ्यांवर उठली, पुन्हा धावली, आणि त्याच्या कोटाचं टोक दोन्ही मुठींत धरून मागं बसली. तो तिच्या अंगावर कोसळला.

"अगं, काय हे?"

तिनं बोट दाखवलं. पाच पावलांवर पांढऱ्याचं करडं होत होतं. करड्याचं काळं. आवाज न करता पाणी वर आलं, कडेनं जरा थरथरलं, आणि तिथंच, डोळा उघडून बघावं तसं, उघडं राहिलं.

दोघं सरपटत मोल्डापाशी आली, स्लेजच्या कडेला बसली. त्याची छाती भात्यासारखी चालली होती. गेर्दानं त्याच्या टोपीची कानपट्टी वर केली, कानाला तोंड लावलं आणि ओरडली, "मी..."

त्यानं हातमोजा काढला. तिची हनुवटी धरली, आणि कानापासून काढून तोंडासमोर आणली.

"इथून बोल," तो म्हणाला.

मग ती बोलली. ओठांनीच बोलली, आवाज न काढता. बेट तरंगत होतं, आणि या वेळी तिला आठवलं. मी मोल्डाशी बोलले. शनिवारी. सगळ्यांनी ऐकलं. घोड्याला काही झालेलं नाही.

तो तिचे ओठ बघत होता. मिशीवरचं बर्फ त्याच्या श्वासानं विरघळून पुन्हा गोठत होतं.

"सगळ्यांनी?"

तिनं मान हलवली.

"लूद्विकनं पण?"

लूद्विकनंच आधी, ती म्हणाली.

"मग आत्तापर्यंत हनाउसातल्या गाईंनासुद्धा कळलं असेल." तो हसला नाही, पण तोंडाचा एक कोपरा हलला. मग बराच वेळ तो त्या काळ्या पाण्याकडं बघत बसला. गेर्दाला वाटलं, आता हा उठेल आणि माझ्याकडं न बघता चालू लागेल. तो उठला. पहार उचलली. तिच्या हातात दिली.

"परतीच्या वाटेवर पण भेग गेली असेल."

गेली आहे. तिनं हातानं दाखवलं, कुठून कुठं.

"पुढं तू चाल. मी हिला आणतो."

पहार तिच्या हाताला जड होती, त्याच्या मुठीनं लाकूड गुळगुळीत झालेलं. तिनं मारली. ऐकलं. डावीकडं दोन पावलं, पुन्हा मारली. खणखणीत. हात वर करून तिनं खूण दिली, मागं खूर वाजले. पुन्हा मारली. ऊन वर येत होतं, तिची सावली लांब, निळी, तिच्याही पुढं चाललेली. जाड आवाज आला की ती वळसा घ्यायची. अशी पन्नासेक पावलं झाली.

"गेर्दा."

ती थांबली. वळू लागली.

"वळू नकोस. बोलू दे." त्याचा आवाज मोठा होता, किती मोठा ते त्याला कळत नव्हतं, आणि तिनं त्याला हळू बोल म्हणून खुणावलं नाही. सरोवर स्वच्छ होतं, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. "फळी यंदा गेली. बर्फाची शीळ गेल्या वर्षी. त्याच्या आधी पाखरं गेली. कान गेला हे स्काफ्तीला मी केव्हाच सांगितलं असतं. म्हाताऱ्याचा कान जातोच, त्यात लाज कसली."

मोल्डा फुरफुरली. मग त्याला शब्द सापडले.

"पण सगळ्यांत आधी तुझा आवाज गेला, गेर्दा. तीन हिवाळे झाले. तू काय म्हणतेस ते कळतं, तोंडाकडं बघितलं की कळतं. आवाज येत नाही. हे मी तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"